न्याहारी सोडण्याआधी रात्रीचं जेवण अलीकडे आणा

निपाणीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. यजमान ४८ वर्षांचे. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ते रोज सकाळी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात. दोघांनाही इंटरमिटंट फास्टिंग सुरू करायचं आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठरलंय ते असं की सकाळचा नाष्टा बंद, दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्या वेळातच जेवायचं, बाकी सोळा तास उपाशी. सासूबाईंना हे अजिबात पसंत नाही. आणि शेवटी ताई विचारतात, "लग्न झाल्यापासून मी सोमवार आणि एकादशी धरते. मग वजन कमी का नाही झालं?"

ताई, आधी यजमानांचं बोलते, कारण तिथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळेलच असं नाही. उद्या त्यांनी सवयीप्रमाणे सकाळी गोळी घेतली आणि नाष्टा केला नाही, तर बारा वाजायच्या आत रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही याच्याशी त्या गोळीला देणंघेणं नसतं.

मी बेळगावच्या शहापुरात २३ वर्षं प्रॅक्टिस करते. काही वर्षांपूर्वीची श्रावणातली गोष्ट. वडगावचा एक यंत्रमाग कामगार, पन्नाशीचा, माझ्याकडे ब्लड प्रेशरसाठी यायचा. वजन कमी करा म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. एक दिवस त्यानं दारातून निघता निघता विचारलं, "डॉक्टर, सकाळचं खाणं सोडलं तर चालतंय काय?" बाहेर गर्दी होती. मी म्हटलं, करून बघा. शुगरची गोळी तो दुसरीकडून घेत होता, आणि ते मी विचारलंच नाही. चौथ्या दिवशी साडेअकराला दोघांनी धरून त्याला रिक्षातून आणलं. शर्ट पिळून घ्यावा इतका घामानं भिजलेला, हात थरथरत होते, बोलण्याला ताळमेळ नव्हता. मागावरच्या लोकांना वाटलं, सकाळीच पिऊन आलाय. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४६. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग दूध-चपाती खायला घातली. तासाभरात तो उठून बसला आणि "आता बरं वाटतंय की" म्हणत घरी निघाला. मी जाऊ दिलं नाही. दुपारी चारला साखर पुन्हा ५८. या जातीच्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा साखर वर आली म्हणजे सुटलो असं होत नाही. त्याची बायको बाकावर बसून सगळा वेळ त्याचे तळवे चोळत होती. तेव्हापासून उपवासाचा विषय काढणाऱ्या प्रत्येकाला मी आधी गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर ठेवायला सांगते. "एक बारकी पांढरी गोळी आहे" हे उत्तर मी घेत नाही.

म्हणून यजमानांनी आज काहीही बदलू नये. गोळी स्वतःच्या मनानं बंद करणं हाही उपाय नाही. त्यांना जे डॉक्टर बघतात त्यांच्याकडे पट्टी आणि मागचे रिपोर्ट घेऊन जा आणि स्पष्ट विचारा: जेवणाची वेळ बदलली तर गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची, की गोळीच बदलायची? ही गोळी दिवसातल्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर जाते. घड्याळात आठ वाजले म्हणून घ्यायची नसते. सुरुवातीचे काही आठवडे घरी ग्लुकोमीटर हवाच. आकडा ७० च्या खाली आला, किंवा घाम, थरथर, धडधड, चक्कर, विनाकारण चिडचिड यांतलं काहीही जाणवलं, तर त्याच क्षणी उपवास संपला. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर, आणि मग पोटभर जेवायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना गाठायचा. खिशात साखरेची पुडी ठेवायला त्यांना सांगा. आपल्याकडच्या गल्लीगल्लीत चहाची टपरी असली तरी ऐन वेळी तिथवर चालत जाण्याचं त्राण राहत नाही.

मधुमेहाच्या माणसानं हे कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडेही काही जण करतात. शिकागोमध्ये मधुमेहाच्या ७५ जणांवर सहा महिने झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दुपारी बारा ते आठ जेवणाऱ्यांचं वजन उतरलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, कॅलरी मोजून जेवणाऱ्यांइतकीच सुधारली. पण तिथे साखरेवर आणि औषधांवर सतत नजर होती. नजर ठेवणारं कुणी नसताना फक्त वेळापत्रक उचलायचं, यात जोखीम आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांना हेच लागू. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या आता बऱ्याच जणांना चालू असतात. त्या घेऊन लांबलचक उपवास केला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर "पित्त झालंय" म्हणून घरी बसू नका. आणि गुडघेदुखीची गोळी उपाशीपोटी घेणं, हे तर उपवास असो नसो, बंद करा. जठराला जखम होऊन रक्तस्राव झालेले रुग्ण मी पाहिलेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अठरा वर्षांखालची मुलं, आधीच किडकिडीत असलेली माणसं, क्षयाचं औषध चालू असलेले, आणि जेवणाबद्दल मनात सतत भीती किंवा अपराधीपणा असणारे, यांनी या वाटेला जाऊच नये. पित्ताशयात खडे असतील किंवा युरिक ॲसिड वाढून सांधे सुजत असतील तर आधी विचारा. लांबचे उपवास आणि झपाट्यानं उतरलेलं वजन, दोन्हींनी हे त्रास वाढतात.

आता तुमच्या सोमवार-एकादशीकडे येते. हा प्रश्न मला फार आवडला, कारण आपल्या भागातल्या बहुतेक बायकांचा तोच आहे. "एकादशी आणि दुप्पट खाशी" हे काही उगाच म्हणत नाहीत. एका माणसाच्या साबुदाण्याच्या खिचडीचा हिशोब मांडू. ऐंशी ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण २८० कॅलरी. मूठभर शेंगदाण्याचं कूट, १७०. तुपाचा मोठा चमचा, १३० च्या आसपास. बटाटा ४०. एका ताटलीत सव्वासहाशे कॅलरी झाल्या, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक. मग राजगिऱ्याचा लाडू, केळं, दूध घालून दोनदा चहा, संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ आणि आमटी. दुसऱ्या दिवशी बारस सोडायची म्हणून गोडाचं. सोमवारचा उपवास रात्री सोडताना दिवसभराचं सगळं एकदम ताटात येतं. तुमची श्रद्धा पक्की आहे, त्यात कमी काही नाही, पण शरीराच्या दृष्टीनं तो उपवास झालेलाच नसतो. तो पदार्थांचा बदल आहे. माझ्या आजेसासूबाई एकादशीला दोन वेळा ताक आणि एक रताळं एवढ्यावर राहायच्या. तो उपवास.

एकादशी सोडा असं मी कधीच सांगणार नाही. आपल्याकडे खानापूर तालुक्यात, बेळगावच्या आसपासच्या गावांत घरटी माळकरी आहेत, आणि त्या व्रतामागे पिढ्यांचं मन आहे. ताट तेवढं बदला. भाजलेले शेंगदाणे मूठभर, एक उकडलेलं रताळं, राजगिऱ्याच्या पिठाची एक भाकरी, दही किंवा ताक, काकडी. साबुदाणा हवाच असेल तर वाटीभर, आणि दुपारी.

शरीरात काय घडतं ते एवढंच समजून घ्या. जेवणातून आलेल्या साखरेतली काही यकृत साठवून ठेवतं, साधारण शंभर ग्रॅम. स्वयंपाकघरातला पिठाचा डबा म्हणा. मांड्या, पोट, कंबर इथली चरबी ही माळ्यावरची पोती. डबा भरलेला असेपर्यंत कुणी माळ्यावर चढत नाही. शेवटचा घास पोटात गेल्यावर दहा-बारा तासांनी डबा बराच खाली जातो आणि शरीर चरबीकडे वळायला लागतं. रात्री साडेदहाला जेवून सकाळी सातला साखरेचा चहा घेणाऱ्या माणसाचा डबा कधी खाली जातच नाही. उपवासाचा खरा उपयोग इथे आहे. पण रात्री काढलेलं पोतं दिवसा दोन पोती आणून भरून काढलं, तर वजनकाटा जागचा हलत नाही. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी. तेवढी तूट कशीही करून पडावी लागते.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटू नका. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, साठा उतरला की तेही जातं. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला की माणसं नाउमेद होतात आणि सोडून देतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

तुम्ही ठरवलेलं वेळापत्रक, म्हणजे नेमकं दुपारी बारा ते रात्री आठ, अमेरिकेत ११६ जणांवर तपासलं गेलं आणि निकाल २०२० मध्ये आला. काय खायचं यावर काहीच बंधन नव्हतं. बारा आठवड्यांत उपवासवाल्यांचं वजन सरासरी किलोभरानं उतरलं आणि दिवसातून तीनदा जेवणाऱ्यांपेक्षा त्यांना काही खास जास्त फायदा झाला नाही. उलट जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा जास्त निघाला. हे मला जास्त खटकतं. चाळिशीनंतर बाईचे स्नायू तसेही घटत असतात. ते गेले की जिना चढवत नाही, पाण्याची घागर उचलवत नाही, आणि खाल्लेली साखर खपवणारी जागाच कमी होते. चीनमध्ये ग्वांगझूला वर्षभर १३९ लठ्ठ माणसांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला. सगळ्यांनी कॅलरी कमी केल्या. त्यांतल्या निम्म्यांनी शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खाल्लं. त्यांचं वजन ८ किलोनं उतरलं, नुसत्या कॅलरी मोजणाऱ्यांचं ६.३ किलोनं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोन्ही गटांना फायदा झाला तो कमी खाल्ल्यानं.

मग वेळेला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि इथे तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. उपाशीपोटी घराबाहेर पडू नये असं त्या म्हणतात ना? आपलं शरीर सकाळी आणि दुपारी साखर चांगली हाताळतं, रात्री तीच साखर रक्तात रेंगाळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना सहा तासांत, दुपारी तीनच्या आत शेवटचं जेवण देऊन पाच आठवडे ठेवलं. वजन मुद्दाम उतरू दिलं नव्हतं. तरीही त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि रक्तदाब उतरला. आठच माणसं, त्यामुळे फार मोठा दावा मी करणार नाही. दुपारी तीनला दिवस संपवणं आपल्याला जमणारही नाही. पण दिशा कळते. तुम्ही सकाळकडून कापायला निघालाय. कात्री रात्रीकडून लावा.

व्हिडिओंत दोन गोष्टी हमखास सांगतात, त्यांचंही बोलते. एक, सोळा तास झाले की पेशी स्वतःची साफसफाई करतात. पेशींत अशी व्यवस्था आहे हे खरं आहे. तिचं कोडं उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. त्यांचं ते मूळ काम यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वावर होतं. तुमच्या-माझ्या शरीरात ती सफाई नेमकी सोळाव्या तासाला सुरू होते असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे पंधरा तासांनी चक्कर येत असताना "अजून एकच तास" म्हणून ताणू नका. दुसरी गोष्ट याच्या उलट, घाबरवणारी. मार्च २०२४ मध्ये बातमी आली की आठ तासांत जेवणाऱ्यांना हृदयविकारानं मरण्याचा धोका ९१ टक्के जास्त. माझ्या ओपीडीत आठवडाभर तोच विषय होता. वीसेक हजार अमेरिकन माणसांना फक्त दोन दिवस काय खाल्लं ते विचारून, त्याची नंतरच्या मृत्यूंशी सांगड घातलेली होती. कुणी आजारी म्हणून कमी जेवत होतं की मुद्दाम उपवास करत होतं, हे त्यातून कळत नाही. त्या बातमीनं घाबरायचं कारण नाही, पण आठ तासांच्या हट्टाला वर्षानुवर्षं चिकटून राहावं एवढा पुरावाही हातात नाही.

चिकोडीकडचं एक जैन शेतकरी कुटुंब माझ्याकडे येतं. त्यांच्याकडे रात्रीभोजन पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य. थंडीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातनंतर, त्याप्रमाणे त्यांचं जेवण मागेपुढे होतं. तेरा-चौदा तासांचा उपवास त्यांना रोज घडतो, नाव न देता. आजोबा ऐंशीचे, शिडशिडीत, अजून बांधावरून फिरतात. पण मुलगा पन्नाशीचा, पोट पुढे, मधुमेह. जेवायची वेळ दोघांची तीच. मुलाचं काम आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकलवर, दिवसात सहा-सात चहा, चहाबरोबर खारी आणि बटर, जेवणात भाकरीच्या जागी चपाती आणि भाताचा डोंगर. वेळ पाळूनही ताट आणि हालचाल बदलली की काय होतं, ते एका घरात समोरासमोर बसलेलं मी दर तीन महिन्यांनी बघते.

तुमच्यासाठी मी सुचवते ते असं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३१ च्या जवळ येतो. आपल्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात आणि बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी लागते. म्हणजे वजन उतरवायला हवंच. पण आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एचबीए१सी या तीन तपासण्या करून घ्या. २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर १३.६ कोटी माणसं निघाली. त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास होत नसतो. थायरॉइड सुस्त असेल तर नुसत्या उपवासानं काटा हलणार नाही आणि तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल.

पहिले दोन आठवडे फक्त बारा तास. संध्याकाळी साडेसात ते सकाळी साडेसात काही नाही. देवापुढे दिवा लावून झाला की पानं घ्यायची, अशी खूण ठेवा. घड्याळापेक्षा ती लक्षात राहते. ते अंगवळणी पडलं की जेवण सातला आणि नाष्टा नऊला, चौदा तास. त्यापुढे ताणायची तुम्हाला गरज नाही असं माझं मत आहे. मधल्या वेळात पाणी, जिऱ्याचं पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा चालेल. लिंबू-मधाचं पाणी चालत नाही, मध साखरच आहे. थायरॉइडची गोळी असेल तर ती नेहमीप्रमाणे सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर.

नऊच्या नाष्ट्याला उप्पीट किंवा पोह्यांची भरलेली ताटली नको. एक जोंधळ्याची भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ, किंवा दोन अंडी, किंवा मूगडाळीचे दोन डोसे. दुपारी एक भाकरी, मोठी वाटीभर घट्ट आमटी, पालेभाजी, ताक, आणि भात वाटीभर. भात पूर्ण तोडायला मी सांगत नाही. आपल्याकडे भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि जे वर्षभर पाळता येणार नाही ते सुरू करण्यात अर्थ नाही. साडेचारला एक चहा आणि मूठभर फुटाणे. चिरमुरे हलके म्हणून लोक परडीभर खातात, पण ते निव्वळ तांदूळ आहेत. सातला हुलग्याचं पिठलं किंवा उसळ, एक भाकरी, भाजी. मांसाहार असेल तर चिकन किंवा मासळी यांच्यासाठी हीच वेळ, रस्सा कमी आणि तुकडे जास्त. दिवसात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात सहा, वाटीभर उसळीत सात-आठ, पेलाभर दुधात सहा-सात, असा हिशोब ठेवा. कारळ्याची किंवा जवसाची चटणी जेवणात असू द्या, मात्र तेल वरून ओतू नका. आणि स्नायू टिकवायचे तर रोज अर्धा तास चालण्याबरोबर खुर्चीवरून हात न टेकता पंधरा-वीस वेळा उठा-बसा.

चहाचं काय? दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे ७५ ते ८० कॅलरी. असे सहा कप झाले की एका जेवणाएवढं पोटात गेलं, तेही दिवसभर विखरून, म्हणजे पिठाचा डबा सतत भरत राहिला. दोन कपांवर या.

एक गोष्ट निपाणीच्या म्हणून विचारते, राग मानू नका. तुम्ही किंवा घरात कुणी मिश्री लावता का? तंबाखूच्या पट्ट्यात कित्येक बायका सकाळी मिश्री आणि चहा यांवर दुपारपर्यंत ढकलतात आणि "मला भूकच लागत नाही, उपवास सहज जमतो" म्हणतात. ती भूक तंबाखूनं मारलेली असते. तिथे उपवासाआधी मिश्री सोडवावी लागते.

आणि जे सगळ्यांत अवघड आहे ते हे, की आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. येळ्ळूरच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या तेव्हा रात्री सव्वादहाला जेवायच्या, कारण यजमानांचं दुकान नऊला बंद होऊन ते घरी पोचेपर्यंत पावणेदहा व्हायचे. तोवर स्वयंपाक करता करता दोन घास चव बघणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं, आणि मग यजमानांबरोबर पुन्हा पूर्ण जेवण. मी सातला जेवा म्हटल्यावर त्या गप्पच बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सासूबाई काय म्हणतील?" पुढच्या वेळी मी सासूबाईंनाच बोलावलं. त्यांनाही मधुमेह, त्याही सुनेसाठी थांबायच्या. मी दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं की रात्री दहानंतर जेवल्यानं दोघींचीही सकाळची साखर चढते. म्हातारी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि सुनेला म्हणाली, "मग आपण दोघी बसत जाऊ की, त्याला मी सांगतो." आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच 'मी करतो, मी सांगतो' बोलतात. त्या दिवसापासून दोघी सव्वासातला जेवतात. यजमान आले की सूनबाई त्यांना वाढतात, समोर बसून कोरा चहा घेतात. सात महिन्यांत वजन ६ किलोनं उतरलं, कंबर ९२ वरून ८५ सेंटिमीटरवर आली. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा मात्र आम्ही पहिल्याच दिवशी बदलून घेतल्या होत्या.

गावची जत्रा, लग्नसराई, गणपतीचे दिवस येणारच. त्या दिवशी मनापासून जेवा. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून वीस तास उपाशी राहू नका, त्यानं संध्याकाळी हावरटासारखं खाणं होतं. नेहमीच्या वेळेवर परत या, एवढंच. पाळी अनियमित झाली, केस झडायला लागले, सतत थंडी वाजायला लागली, किंवा दिवसभर डोक्यात फक्त जेवणाचेच विचार येऊ लागले, तर थांबा आणि दाखवायला या.

आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरायला नको. तीन महिन्यांत चार किलो उतरले तरी पुष्कळ, तेवढ्यावरही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. वजन आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर. कंबर बेंबीच्या रेषेत टेपनं मोजून कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. आणि तुमची सुरुवात या सोमवारपासून झाली तरी यजमानांची त्यांच्या डॉक्टरांनी पट्टी बघितल्यानंतरच. तोवर त्यांना सकाळी नाष्टा वाढा, मगच गोळी हातात द्या.